ब्रिटनांचा राजा, आमच्या गावचा जावई

हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापणीला आलं की धानोऱ्यात सकाळी एक वास सुटतो. मी आरोग्य खात्याच्या ज्या गोदामात काम करते, त्याच्या मागच्या भिंतीपासूनच बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, सुरू होतात. खिडकी उघडली की दवात भिजलेल्या पेंढीचा, आटत चाललेल्या चिखलाचा आणि कुठेतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा असा तो मिसळलेला वास आत येतो आणि औषधांच्या खोक्यांचा वास मागे सरतो. मग मी कॅलेंडरकडे बघत नाही. मंडईचे दिवस आले, एवढं कळतं.

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. उकडलेले शिंगाडे, उसाच्या मोळ्या, जिलेबीची कढई, फुगेवाला, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे सोयरे. कुणाची मुलगी लग्नाची आहे, कुणाचा मुलगा कुठे लागला, याची चौकशी शिंगाडे सोलता सोलता होते. दुपारी दंडार असते. गावातलेच पुरुष ढोलकी आणि टाळांवर गातात, नाचतात, बायकांच्या भूमिकाही तेच करतात आणि ऊन कलेपर्यंत एखाद्या राजा-राणीची गोष्ट रंगवतात.

याही वर्षी तो वास आला आणि मला ब्रिटन आणि सॅक्सन आठवले. आठवणींचा माझा हा क्रम कुणाला विचित्र वाटेल, म्हणून रीतसर सांगते.

काही वर्षांपूर्वी मी साठलेली रजा काढून दिवाळीला माहेरी गेले होते. कामं ठरवूनच गेले होते. मंदाला कापणीला हात लावायचा, धानाची कोठी झाडून ठेवायची, सपरी, म्हणजे ओसरी, सारवायची. मंदा माझी धाकटी बहीण. आम्हाला भाऊ नाही. म्हणून बाबा होते तेव्हाच त्यांनी मंदासाठी असा मुलगा पाहिला, जो आमच्या घरी येऊन राहील आणि शेती बघेल. प्रभाकर मूळचा राजुऱ्याकडचा. तिकडे काळी माती, कापूस आणि कोळशाच्या खाणी. त्याचे वडील खाणीत होते. इकडे तो आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात धान शिकत होता. मी इथे त्याचं नाव लिहिलं, पण गावात ते कुणी घेत नसे. तो होता 'जवाईबापू'.

आमच्याकडे एका घराचा जावई हा साऱ्या गावाचा जावई असतो. तो दिसला की खुर्ची बाहेर येते. पाणी येतं, चहा येतो. 'बसा जी', 'घ्या जी', 'उन्हात कुठी निघाले जी' असं प्रत्येक वाक्यामागे एक 'जी' लागतं. त्याला काम सांगायचं नाही, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. चार दिवसांच्या पाहुण्याला हे सगळं शोभतं. प्रभाकर मात्र कायमचा राहायला आला होता. त्याची मुलगी गावच्या शाळेत शिकून बारावीपर्यंत पोचली होती, कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि तरी पारावर गेला की त्याच्यासाठी खुर्ची येई. बाकीचे पारावर बसलेले असत, हा खुर्चीवर. खुर्चीवरच्या माणसाला कुणी खरी भानगड सांगत नाही. तो आला की गप्पा पाऊसपाण्यावर जात.

मानाचा खरा त्रास धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, वेळी व्हायचा. आमच्या गावात मजूर मिळत नाहीत, आणि मळणीयंत्र आमच्या बांध्यांपर्यंत यायला रस्ता नाही. म्हणून चुरण्याचं काम एकमेकांत फिरतं. आज सगळे एकाच्या खळ्यावर, उद्या दुसऱ्याच्या. जो जातो त्याच्याकडे लोक येतात. प्रभाकरला कुणी बोलवत नसे, कारण जावयाला कामाला बोलावणार कसं? आणि त्याला बोलावलं नाही म्हणून तोही कुणाला बोलावू शकत नसे. एकदा तो आपण होऊन आमच्या भाऊबंदांतल्या गोविंदाभाऊंच्या खळ्यावर गेला. त्यांनी लगेच खाट टाकली, चादर अंथरली, चहा मागवला आणि तो उठेपर्यंत सगळ्या माणसांनी काम थांबवलं. त्यानंतर तो गेला नाही. मंदाचं पुंजणं, म्हणजे धानाच्या भाऱ्यांची रास, दरवर्षी सगळ्यांत शेवटी उघड्यावर राहायचं. आभाळ भरून आलं की तिचा जीव खालीवर व्हायचा.

"ताई, मान लय आहे," ती मला त्या दिवाळीत सपरी सारवताना म्हणाली, "माणसं नाई."

मी शेण कालवत होते. बायकांना हे उलट्या बाजूने माहीत आहे. सून घरात आली की दुसऱ्या दिवशी तिच्या हातात झाडू येतो. गडचिरोलीला सासरी मी गेले तेव्हा माझ्याही आला होता, आणि तेव्हा मला त्याचा रागच आला होता. त्या झाडूचं एक बरं असतं, घर लवकर आपलं होतं, हे मला मंदाच्या सपरीत पहिल्यांदा जाणवलं. खुर्चीवर बसवून ठेवलेल्या माणसाचं घर आपलं व्हायला किती वेळ लागत असेल, याचा मी त्याआधी विचार केला नव्हता.

गोविंदाभाऊ बाबांचे चुलतभाऊ आणि आमच्या गावच्या दंडारीचे म्होरके. उंच, खांद्याला पिळदार दुपट्टा, आवाज असा की बांधीच्या या टोकावरून त्या टोकाच्या बैलाला हाकलता यावं. त्या वर्षी ते चिंतेत होते. शेजारच्या गावाने वडशाहून भाड्याचं नाटक ठरवलं होतं, पडदे आणि रंगीत दिवे असलेलं. आपल्या पोरांच्या हातात मोबाईल आला होता. जुनी दंडार कोण बघणार? पारावर ही चर्चा चालली असताना प्रभाकर खुर्चीवरून म्हणाला, "भाऊ, माझ्यापाशी एक गोष्ट आहे. इंग्लंडातली."

"सांगा ना जी," गोविंदाभाऊ म्हणाले. जावयाला नाही म्हणता येत नाही.

मग ती गोष्ट त्याने आमच्या सपरीत बसून सांगितली. मी कोठीतून काढलेलं धान पाखडत ऐकत होते. फार जुना काळ. एक बेट, धुक्याने झाकलेलं, भोवती थंड समुद्र. तिथे ब्रिटन नावाचे लोक राहत. उत्तरेकडून लुटारू येऊन त्यांची गुरं आणि माणसं पळवत. त्यांच्या राजाने समुद्रापलीकडून सॅक्सन लोकांना मदतीला बोलावलं. ते होड्यांतून आले, राजासाठी लढले, आणि मग म्हणाले, आम्हाला राहायला थोडी जागा द्या, एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच. राजा हसून हो म्हणाला. सॅक्सनांच्या सरदाराने कातड्याची बारीक वादी कापली आणि तिने एवढा मोठा टेकडा वेढला की त्यावर किल्ला बांधता आला. मग सरदाराची मुलगी आली. तिने राजाला पेला भरून दिला आणि राजा तिच्यात गुंतला. शेवटी तहाची मेजवानी ठरली. सॅक्सन पायताणात सुऱ्या लपवून आले आणि जेवता जेवता त्यांनी ब्रिटनांचे सरदार कापले. तिथून पिढ्यान्पिढ्या लढाया झाल्या. राजाने किल्ला बांधायला घेतला तर भिंत रोज ढासळायची, कारण जमिनीखाली एक लाल आणि एक पांढरा नाग झुंजत होते. पुढे ब्रिटनांत एक मोठा योद्धा झाला. त्याने सॅक्सनांना मागे रेटलं. तो मेला नाही, डोंगराखाली निजला आहे, असं ते लोक अजून मानतात म्हणे.

"हे सगळं खरं घडलं?" मी विचारलं.

"कोणाले माहीत, ताई," प्रभाकर म्हणाला. "लिहिणारे लय वर्षांनी आले. पुस्तकवाले अजून भांडून राह्यले. पण हरलेल्या लोकांनी ही गोष्ट सोडली नाई, एवढं खरं."

गोविंदाभाऊंनी गोष्ट ऐकली आणि लगेच तिची कापणी सुरू केली. बैलाचं कातडं कापायचं? मंडईत? जमणार नाही. त्याऐवजी घोंगडी. घोंगडीएवढी जागा मागायची आणि मग तिची लोकर उसवून सगळी जागा वेढायची. दोन नाग नकोत, दाखवायला कठीण. आणि मूळ गोष्टीत राजा मेजवानीत वाचतो, हे त्यांना अजिबात पटलं नाही.

"राजा वाचला तं लोक रडतीन कशे?" ते म्हणाले. "राजा मेलाच पाहिजे."

"मरू द्या ना भाऊ," प्रभाकर म्हणाला.

राजा कोण होणार, यावर खळखळ झाली. परकी नावं कुणाच्या तोंडी बसेनात. प्रभाकरला गोष्ट पाठ होती, आवाज चांगला होता. पण दंडारीत जावई नाचणार? गोविंदाभाऊंनी बराच वेळ मिशा चोळल्या आणि मग त्यांना तोड सापडली.

"राजा खुर्चीवरच बसून राह्यते," ते म्हणाले. "ते चालन. जवाईबापूले शोभन जी."

अशी आमच्या जावयाला दंडार मिळाली, कारण त्या कामात बसायचं होतं. सॅक्सनांचा सरदार अर्थात गोविंदाभाऊ स्वतः. सरदाराची मुलगी पानठेलेवाला सुखदेव, त्याने त्यासाठी मिशी उतरवली आणि घरी बायकोची बोलणी खाल्ली. सामान बघायचं काम माझ्याकडे आलं. पुठ्ठ्याचे मुकुट, लाकडी सुऱ्यांना लावायचा चंदेरी कागद, पितळेचा पेला, घोंगडी एक, उसवायला सोपी. असल्या कामात मला मजा येते.

तालमी समाजमंदिराच्या ओट्यावर संध्याकाळी व्हायच्या. शेतातून परतलेले लोक, पायाला सुकलेला चिखल, अंगाला पेंढीचा वास. ढोलकी गरम करायला शेकोटी पेटवायची. सगळं जमत गेलं, फक्त एक जागा अडायची. मेजवानीत सरदाराने राजाच्या छातीत सुरी खुपसायची. गोविंदाभाऊ सुरी उपसून झेपावत यायचे, पुढ्यात खुर्चीवर प्रभाकर दिसायचा, आणि त्यांचा हात गळून जायचा. सुरी खाली ठेवून ते हात जोडायचे.

"मेले जी तुमी, असं समजा."

सगळे हसायचे.

"भाऊ, मारा ना," प्रभाकर म्हणायचा. "लाकडाची आहे."

"लाकडाची असो का लोखंडाची. जवायाले सुरी लावू? पोरीचं कुंकू आहे जी ते. पाप लागन."

"मंग मंडईत कसं करसान?"

"पाहू ना जी. त्या दिवशी पाहू."

घरी परतताना तो एकदा माझ्याबरोबर चालत होता. मागे मंदा टॉर्च घेऊन. आभाळात ढग जमत होते आणि आमचं पुंजणं तसंच उभं होतं. गावातली निम्मी खळी चुरून झाली होती.

"ताई," तो म्हणाला, "भाऊ मले मारत नाईत तोवर मी या गावचा होत नाई."

तो हसत बोलला. पण मंदाने टॉर्च खाली केला, आणि त्यावरून मला कळलं की घरात हे बोलणं आधी झालं आहे. लेकीला बारावीनंतर बाहेर शिकायला पाठवायचं होतं, मग या घरात दोघंच. राजुऱ्याला परत जावं का, याचा विचार चालू होता. शेत बटईने, पिकाच्या वाट्यावर, कुणाला द्यायचं आणि जायचं. मंदा नको म्हणत होती. तो हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. मंडई झाली की ठरवू, असं दोघांनी ठरवलं होतं.

मी तेव्हा मनात हिशेब केला की एका नाटकातल्या सुरीवर माझ्या बहिणीचं घर अवलंबून असू नये. हिशेब बरोबर होता. उपयोगाचा नव्हता.

मंडईच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं. मोहाच्या झाडांखालचं मैदान झाडून पाणी शिंपडलं होतं. शिंगाड्यांच्या पातेल्यांतून वाफ निघत होती, पोरं उसाची कांडी चोखत होती, भिंगरीवाल्याभोवती गर्दी होती. गण झाला, ढोलकी घुमली, आणि लाकडी खुर्चीवर पुठ्ठ्याचा मुकुट घालून आमचा जावई बसला. सुरुवात छान झाली. गोविंदाभाऊंनी घोंगडीएवढी जागा मागितली, राजाने दिली. मग त्यांनी लोकरीचं एक टोक खुर्चीच्या पायाला बांधलं आणि घोंगडी उसवत ते प्रेक्षकांच्या भोवती चालू लागले. बसलेल्या बायकांच्या मागून, पारावरच्या म्हाताऱ्यांच्या मागून, शिंगाडेवालीच्या पातेल्यापलीकडून. काळा धागा सगळ्या मंडईला वेढून आला तेव्हा लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "भाऊ, माह्या सासऱ्याले बाहेर ठेवा!" मला त्या धाग्याची आठवण अजून येते. आपण हसत बसलेलो असतो आणि कुणीतरी मागून जागा वेढून जातं.

गडबड त्याच्यानंतर झाली. सूत्रधाराने जोरात म्हटलं, "असे हे ब्रिटन राजे..." आणि पुढच्या ओळीतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ब्रिटन म्हंजे ब्रिटिस. इंग्रज मेले!"

हे वारं सगळीकडे पसरायला वेळ लागला नाही. ब्रिटन म्हणजे ब्रिटिश, ब्रिटिश म्हणजे इंग्रज. म्हणजे खुर्चीवर बसलेला तो गोरा साहेब. आणि गोविंदाभाऊ? ते इंग्रजांशी लढून राह्यले, म्हणजे ते आपले. लोकांनी बाजू घेतली. राजा बोलायला लागला की शिट्ट्या. सॅक्सन आले की टाळ्या. एक म्हातारा उठून "चले जाव!" असं ओरडला. सुखदेव पेला घेऊन लाजत आला तेव्हा बायका त्याला ओरडून सांगू लागल्या, "जहर टाक त्याच्यात, बाई!" प्रभाकर एवढा गोंधळला की त्याची गाण्याची ओळ चुकली. मुकुट कपाळावर घसरला.

मेजवानी आली. सगळे सॅक्सन ताटांवर बसले. गोविंदाभाऊंनी पायताणातली सुरी काढली आणि सारी मंडई उभी राहिली.

"मार भाऊ, मार!"

गावातले लोक गावातल्या माणसाला ओरडून सांगत होते, की जावयाला मार. गोविंदाभाऊंनी सुरी उगारली. माझ्या शेजारी बसलेल्या मंदाने माझं मनगट धरलं. ते तसेच उभे राहिले. मग त्यांचा हात खाली यायला लागला, आणि मला वाटलं, आता ते हात जोडणार.

प्रभाकर उठून उभा राहिला. मुकुट काढून त्याने काखेत धरला आणि वर्गात बोलतो तसा तो बोलला.

"थांबा ना जी जरा. मी इंग्रज नाई. इंग्रज ते." त्याने गोविंदाभाऊंकडे बोट केलं. "हे जे समुद्रातून आले ना, सॅक्सन, याईचेच नातूपणतू मंग इंग्रज झाले. मी ब्रिटन. मी इथलाच. हे बाहेरून आले, अन् मंग याईनं मलेच नाव ठेवलं. 'वेल्श' म्हनलं. वेल्श म्हंजे बाहेरचा. माह्या गावात मले बाहेरचा म्हनलं, अन् तेच नाव आजवर त्या लोकाईले चिकटून आहे."

उलगडलेली गोष्ट पुन्हा गुंडाळायला लोकांना थोडा वेळ लागला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मंग जवाईबापू, आमचे वेल्श तं तुमीच जी!"

सगळे हसले. दुष्टपणे नाही, मंडईत हसतात तसं. प्रभाकरही हसायला गेला. मी त्याचा चेहरा जवळून बघत होते. त्याला हसू पुरतं जमलं नाही.

"हो जी," तो म्हणाला. "मी बी वेल्शच."

आणि तो परत खुर्चीवर बसला.

गोविंदाभाऊंच्या मनात त्या वेळी काय आलं, मला माहीत नाही. मी नंतर कधी विचारलंही नाही. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. ते त्याच्यासमोर उभे होते, हातात चंदेरी कागदाची सुरी. त्यांनी आधी हसणाऱ्या लोकांकडे एक नजर टाकली आणि हसणं थांबलं. मग ते प्रभाकरकडे वळले.

"खाली उतर," ते म्हणाले.

हे नाटकातलं वाक्य नव्हतं. प्रभाकरला कळेना.

"उतर म्हनतो ना खुर्चीवरून. इथला राजा हायेस तं जमिनीवर लढून मर. बसून काऊन मरतं?"

प्रभाकर उतरला. गोविंदाभाऊंनी पायाने खुर्ची बाजूला लोटली. ढोलकीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याचे हात सुरू झाले. दोघे धुळीत झुंजले. राजाचा काखेतला मुकुट पडला, डोक्यावरचा फेटा सुटला, सरदाराचा दुपट्टा फाटला. गोविंदाभाऊंनी त्याला मानेला धरून ओढलं आणि त्यांचा तो बांधीपलीकडे जाणारा आवाज सगळ्या मंडईने ऐकला.

"मर ना बे, प्रभाकर!"

आणि सुरी छातीवर आदळली.

तो पडला. चांगला पडला, तोंडावर, केसांत धूळ. आता कुणी शिट्टी मारली नाही. पुढच्या ओळीतली ती म्हातारी, इंग्रज मेले म्हणणारी, पदराने डोळे पुसायला लागली. टाळ मंद झाले. प्रभाकर उठेना. गोविंदाभाऊ घाबरले. ते त्याच्यावर वाकले आणि त्यांना कुजबुजता येत नसल्याने आम्ही पुढच्यांनी सगळं ऐकलं.

"लागलं का बे?"

"नाई," धुळीतून आवाज आला.

"मंग पडून राय. लोक रडून राह्यले."

मंदाने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, बे म्हनलं," आणि रडायला लागली. आमच्या भागात 'बे' हा काही मोठा शब्द नाही. भावाभावांत, मित्रांत, बैलाला हाकताना, भांडताना वापरतात. पुण्याकडच्या माणसाला तो उर्मट वाटतो. परक्याला कुणी 'बे' म्हणत नाही. त्याच्यासाठी 'जी' असतं.

त्या हंगामातलं हे सगळं आठवलं की मला त्या धुक्यातल्या बेटाचंही वाईट वाटतं. आधी कोण आलं, मागून कोण आलं, कोणाला कोणी बोलावलं, यावरून तिथे पिढ्यान्पिढ्या माणसं मेली. ज्याला बोलावून आणलं त्याला जागा द्यावी लागते, आणि ती घोंगडीच्या मापाने देऊन भागत नाही, हे त्या राजालाही कळलं नसेल आणि सॅक्सनांनाही. आमच्या गावाने एका माणसाला खुर्चीएवढी जागा दिली होती. चांगल्या मनाने दिली होती, हे मला मान्य आहे.

आता गाव त्याला 'प्रभ्या' म्हणतं. पाणीवाटपाच्या भांडणात त्याला ओढतात, वर्गणीला सगळ्यांत आधी त्याचं दार वाजवतात, त्याच्या बांधीत शेजाऱ्याची म्हैस शिरली तर उलट त्यालाच बोलतात. मी माहेरी गेले की तो माझ्याकडे तक्रार करतो, "ताई, या गावात मले काई मान राह्यला नाई." मंदा आतून म्हणते, "मंग चाला राजुऱ्याले." तो ऐकू न आल्यासारखं करतो.

त्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीचं पाणी तापवत होते. धुकं बांध्यांवर बसलं होतं. फाटकाशी गोविंदाभाऊ उभे होते, हातात विळा.

"कोनी आहे का?"

मंदा सवयीने बोलली, "भाऊ, या ना. जवाईबापू चहा घेऊन राह्यले."

"कोन जवाई?" ते म्हणाले. "प्रभाकरले धाड. आज माह्या खळ्यावर माणूस कमी आहे. अन् त्याले सांग, उद्या तुमचं पुंजणं. आभाळाचा भरोसा नाई."

प्रभाकरने चहा तसाच ठेवला. चपला शोधल्या नाहीत. तो अनवाणीच फाटकाबाहेर पडला आणि दोघे धुक्यात बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून चालत गेले. गोविंदाभाऊ पुढे, मोठ्याने काहीतरी सांगत, बहुतेक त्याच्या धान कापण्यातल्या चुका. संध्याकाळी तो परतला तेव्हा पेंढीने हात एवढे सोलले होते की पेला धरता येईना. मंदा तेल चोळत होती. तो शेजारणीला, दारावरून जाणाऱ्याला, मला, ज्याला दिसेल त्याला ते तळवे दाखवत होता.

डोंगराखाली निजलेल्या त्या ब्रिटन योद्ध्याची तिकडचे लोक अजून वाट बघतात की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या गावचा राजा दुपारी मंडईत मेला आणि सकाळी धान चुरायला गेला.